भामा कासारणीचा उजवा हात

ऐका साक्षाई माते, तुझी कहाणी. पोरांना गप्प करा, मागच्या बायांनी पुढं सरका. कहाणी अर्धी ऐकली तर फळही अर्धंच मिळतं, मग मला बोल लावू नका.

आटपाट नगर होतं. सगळ्याच कहाण्यांत असतं, तसं इथंही होतं. नगराला वेस होती, वेशीबाहेर मोठा रस्ता होता. नगरात भामा नावाची कासारीण राहात होती. तिचा नवरा तुळाजी शहरातून बांगड्यांचा माल आणी, भामा पेटी घेऊन दारोदार बांगड्या भरी.

काय ते दिवस होते, बायांनो! तुमच्यातल्या थोरल्या बायांना आठवत असतील. श्रावण लागला की आळीत हाक यायची, "कासारीण आली गं, हात भरून घ्या!" मग भाकरी तव्यावर राही, पोर पाळण्यात राही, बाई ओसरीवर येऊन बसे. भामा तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेई, पंजा चेपी, अंगठ्याचं हाड आत दाबी आणि म्हणे, "हात सैल सोड गं बाई, जीव सैल सोड." बाई जीव सैल सोडीपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असे. गर्भारशीला हिरवा चुडा भरी, नवरीला कोपरापर्यंत भरी, लहान्या पोरी रडायला लागल्या की फुंकर घालून भरी. आता दुकानात जाऊन डझनाचा डबा आणतो आणि साबण लावून आपल्या आपण घालतो. घालतो खऱ्या, पण त्यात ते सुख नाही.

हातात हात असला की बाई बोलते. कुणी भामेला सासूचं सांगे, कुणी नवऱ्याचं सांगे, कुणी माहेरच्या भावाचं सांगे. भामा सगळं ऐके, या दारचं त्या दारी नेत नसे. आणि आपलं तर कुणालाच सांगत नसे. तिच्या सासूनं तशी रीत घालून दिली होती. "भामे, आपण सवाष्णींचे हात भरतो. त्यांच्या दारात बसून आपलं रडगाणं गाऊ नये. कुणी पुसलं, कशी आहेस, तर बरं आहे म्हणावं. घराला आग लागली असली तरी बरं आहे म्हणावं." भामेनं ती रीत गाठीला बांधली.

मग एके दिवशी काय झालं? भामा बाजार करून पेटी घेऊन घरी निघाली. रस्त्याच्या कडेकडेनं चालली होती. मागून ट्रक आला. सिमेंटनं लादलेला, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झोप. रस्ता सोडून कडेला आला. पेटी चिरडली, भामा पडली, चाक तिच्या उजव्या हातावरून गेलं. लोक धावले, तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कापलं, जोडलं, शिवलं. हात जागेवर राहिला, पण हातातलं बळ गेलं. बोटं मिटेनात, उघडेनात, ऊन-गार कळेना. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे अपंगत्व आता कायमचं. याला औषध नाही."

मग भामा घरी बसली. कुणी येईल म्हणून हात पदराखाली झाकून बसे. कासारणीचा हात, तोच असा, कुणाच्या दृष्टीला पडू नये. तुळाजी डाव्या-उजव्या कशाही हातानं भाकऱ्या थापी, त्या भाकऱ्यांचे नकाशे होत. मग शेजारी म्हणाले, "अहो, ट्रकला विमा असतो. कोर्टात दावा लावा, भरपाई मागा. चूक त्याची, भोग हिचे, असं कसं?" तुळाजीनं वकील केला. वकिलानं दावा लावला.

मग तारखा सुरू झाल्या. बाई, त्या तारखा! एका तारखेला साहेब रजेवर. दुसऱ्या तारखेला ट्रकमालकाचा पत्ता नाही. तिसऱ्या तारखेला विमा कंपनीच्या वकिलाला ताप. पुन्हा पहिल्यापासून. एसटीनं जावं, व्हरांड्यात बसावं, बांधून नेलेली भाकरी खावी आणि परत यावं. देवाला इतक्या फेऱ्या घातल्या असत्या तर देव पाझरला असता.

असं करता करता एकदा साक्षीचा दिवस आला. भामा नवं लुगडं नेसून, हात पदराखाली घेऊन पिंजऱ्यात उभी राहिली. समोर न्यायाधीशबाई. विमा कंपनीचा वकील उठला, गोड हसला. म्हणाला, "काय भामाबाई, कशा आहात?"

भामा म्हणाली, "बरं आहे साहेब, तुमच्या कृपेनं."

"घरचं काम होतं ना?"

"होतं की. बाईमाणसाला न होऊन कसं चालेल?"

"आणि धंदा?"

"चाललाय, देवाच्या दयेनं."

"झालं," म्हणाला, आणि खाली बसला. भामेच्या वकिलानं कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाई, तुम्ही काय केलंत हे? बरं आहे, काम होतं, धंदा चाललाय. मग भरपाई कशाची मागू मी?" भामेला काही उमजेना. ती म्हणाली, "अहो, चारचौघांत आणि काय म्हणायचं?"

तिथं कोर्टाच्या आवारात एक चिंच होती. चिंचेखाली एक म्हातारी पाय पसरून बसली होती. तिनं हाक मारली, "बाई बाई, कशी आहेस?"

"बरं आहे, आजी."

"बरं आहे तर इथं कशाला आलीस? बऱ्या माणसानं जत्रेला जावं, लग्नाला जावं, कोर्टात येऊ नये."

भामेच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडलं. म्हातारी कोण होती? साक्षात साक्षाई होती. म्हणाली, "रडू नको. एक वसा सांगते तो घे. उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. वसा कसा करावा, आजी?"

"हळद नको, कुंकू नको, उपास नको. ज्या दारी आजवर बांगड्या भरल्यास, त्या दारी जावं. हात पदराबाहेर काढून बसावं. बाई पुसेल, कशी आहेस. 'बरं आहे' हा शब्द या वशाला वर्ज्य. खरं असेल ते सांगावं, सांगून उठावं. निकाल लागला की उद्यापन करावं."

भामा घरी आली. वशाचं तुळाजीला सांगितलं. तुळाजी म्हणाला, "अगं, बाकीच्या व्रतांना निदान पुरणपोळी तरी असते!" पण अडवलं नाही.

मग भामा पहिल्या दारी गेली. पाटलांच्या वहिनी म्हणाल्या, "ये गं भामे, कशी आहेस?" भामेच्या ओठांवर 'बरं' आलं, तिनं दातांखाली धरलं. म्हणाली, "हात दुखतो, वहिनी." एवढंच बोलली आणि घाम फुटून परत आली.

मग दुसऱ्या दारी गेली. तिथं सोनारणीनं पुसलं. भामा म्हणाली, "मला वेणी घालता येत नाही. नवरा घालतो, ती सुटते, मी डोक्यावरून पदर घेते." सोनारीण उठली, फणी आणली, तिची वेणी घातली.

मग तिसऱ्या दारी गेली. तिथं गंगूबाई तेलीण होती, म्हातारी झाली होती. भामेनं तिच्या लग्नाचा चुडा भरला नव्हता, पण तिच्या तिन्ही लेकींचा आणि सुनांचा भरला होता. तेलणीनं पुसलं, "कशी आहेस?" आणि भामा बोलत सुटली. पेटी माळ्यावर आहे म्हणाली. श्रावण आला की अजून पहाटे उठून बसते म्हणाली. झोपेत डाव्या हातानं उजवा चेपीत असते म्हणाली. तेलणीनं तो मेलेला हात आपल्या मांडीवर घेतला. म्हणाली, "भामे, जन्मभर तू माझं ऐकलंस. मी तुला एकदाही धड विचारलं नाही गं. विचारलं, ते तोंडदेखलं." दोघी रडल्या.

वसा चालू होता, तोच दारी एक गृहस्थ आला. विमा कंपनीकडून आलोय म्हणाला, नाव सांगेना. म्हणाला, "कशाला हेलपाटे घालता? लिहून द्या की आता बरं आहे, थोडंफार घ्या, मोकळ्या व्हा." तुळाजीला मोह पडला. तोही दमला होता बिचारा, त्याला नावं ठेवू नका. म्हणाला, "घेऊया का गं?" भामा म्हणाली, "अहो, थोडं घ्यायला माझी ना नाही. पण बरं आहे असं नाही लिहून देणार. तो शब्द मला वर्ज्य आहे." गृहस्थ चपला घालून चालता झाला.

तिकडे वकिलानं अर्ज केला, बाईंची साक्ष पुन्हा घ्यावी. विमावाल्यांनी हरकत घेतली, न्यायाधीशबाईंनी अर्ज मंजूर केला. भामा पुन्हा पिंजऱ्यात उभी राहिली. या खेपेला तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि समोरच्या कठड्यावर ठेवला.

विमावाल्यांचा वकील म्हणाला, "काय भामाबाई, कशा आहात?"

भामा म्हणाली, "बरं नाही, साहेब."

"मागं तर बरं आहे म्हणालात. मग खोटं कुठलं, तेव्हाचं का आताचं?"

"तेव्हा रीत बोलले, आता खरं बोलते. बांगडी भरता येत नाही. वेणी घालता येत नाही. घास डाव्या हातानं खाते, पंगतीला बसत नाही. धंदा बंद आहे. चाललाय म्हणाले, कारण बंद पडला असं तोंडातून काढवेना."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "बाई, तुमचं सगळ्यांत जास्त नुकसान कशाचं झालं?"

भामेनं विचार केला. म्हणाली, "बाया मला आपला हात द्यायच्या, बाईसाहेब. अनोळखी बाईसुद्धा द्यायची, डोळे मिटून द्यायची. आता कुणी देत नाही."

न्यायाधीशबाईंनी ते लिहून घेतलं. मग निकाल लागला. चूक ट्रकची, अपंगत्व कायमचं, हिचा धंदा हातावरचा होता म्हणून तोच हात गेला तर सगळी मिळकत गेली असं धरावं, विमा कंपनीनं पुरी भरपाई द्यावी. तुळाजी तिथंच रडला, मग हसला, मग वकिलाच्या पाया पडायला गेला, वकील पळाला.

भामा उद्यापनाला चिंचेखाली आली. म्हातारी बसलीच होती. तिनं आपलं खरं रूप दाखवलं. भामेनं पाय धरले. म्हणाली, "आई, वसा केला, उतले नाही, मातले नाही. दुसऱ्या कहाण्यांत देव आंधळ्याला डोळे देतो, वांझेला पोर देतो. मला माझा हात दे."

साक्षाईनं मान हलवली. म्हणाली, "लेकी, हात माझ्यापाशी नाही. असता तर आधीच दिला असता, एवढ्या तारखा कशाला घालायला लावल्या असत्या? मिळायचा तो न्याय मिळाला. हात नाही मिळायचा."

ते ऐकून भामा हंबरडा फोडून रडली. ट्रकखाली आली तेव्हा रडली नव्हती, डॉक्टर बोलले तेव्हा रडली नव्हती, चिंचेखाली आणि तेलणीकडे रडली तीही दबून. आता भर आवारात रडली. येणारेजाणारे थांबले. कुणी म्हणालं, "अगं, जिंकलीस ना, मग रडतेस काय?" साक्षाईनं त्यांना हातानं दूर केलं. उगी उगी म्हणाली नाही, बरं होईल म्हणाली नाही. भामेशेजारी मांडी घालून बसली, आणि तिचं रडणं सरेपर्यंत उठली नाही.

जशी साक्षाई भामेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणावर असा वसा घ्यायची वेळ न येवो. आलीच, तर खरं बोलायला जीभ रेटो, आणि शेजारी बसायला कुणी मिळो. ही साठां तारखांची कहाणी पांचा उत्तरी सांगितली, ऐकणारीला सुफळ, सांगणारीला संपूर्ण.