हरबाने वाचवलेला डेटा

आडतळे गावात हरबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं तो विसरत नसे, तेवढीच काय ती अडचण.

गावात इंदुताई जगदाळे लग्नकार्याचं थेट प्रक्षेपण करायच्या. हरबाला त्यांनी एन्कोडरवर बसवला. एन्कोडर म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्र आवळून नेटवरून पाठवणारं खोकं. गावाचं नेट बारीक, डेटा जाणार मोजकाच. जिथे तो जास्त द्यावा तिथे चित्र स्वच्छ, जिथे कमी तिथे नुसते चौकोन.

पहिलं काम लग्नाचं. इंदुताईंनी समजावलं, "जे हलत नाही त्याला डेटा कमी. जे हलतं त्याला जास्त."

"बरं," हरबा म्हणाला.

मंगलाष्टका सुरू झाल्या. नवरा-नवरी मान खाली घालून गप उभे. हरबाने नीट पाहिलं. मांडवात हलत होता तो फक्त पंखा.

मस्कतहून नवरीच्या मामाचा फोन आला. "पंख्यावरची धूळसुद्धा दिसली. त्या चौकोनांत आमची मुलगी कुठली होती?"

इंदुताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, माणसाचं तोंड आधी. हलो न हलो, तोंडाला जास्त द्यायचं."

"बरं," हरबा म्हणाला.

पुढचं काम बैलगाडा शर्यतीचं. गाडे पळतात त्या घाटाच्या टोकाला शुभेच्छांचा फलक होता. त्यावर सतरा पुढाऱ्यांची तोंडं. हरबाने सगळा डेटा त्या सतरांना दिला.

शेवटच्या फेरीत दोन गाडे बरोबरीने आले. पंच व्हिडिओ बघायला धावले.

"बैल कुठं आहेत?"

"हे काय, तांबडे चौकोन," हरबा म्हणाला.

"पहिला कोण?"

"पुढचा चौकोन."

दोन्ही गाडामालक हातघाईवर आले. सरपंच जालिंदर मात्र खूश. फलकावरच्या त्याच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. ग्रामसभेचं कामही त्याने इंदुताईंनाच दिलं.

ग्रामसभा साधी नव्हती. सरपंचाच्या मेव्हण्याला गायरानावर खडीचा क्रशर टाकायचा होता. गाव विरोधात होतं.

या खेपेला इंदुताई जास्तच काळजीत. "हरबा, उगाच कशावरही डेटा उधळू नकोस. वाचवत राहा आणि शेवटाला सगळा लाव. निकाल शेवटीच लागतो."

"बरं," हरबा म्हणाला.

भाषणं झाली. मग सरपंच म्हणाला, "क्रशरला विरोध असेल त्यांनी हात वर करा. मोजत बसायला नको, सगळं रेकॉर्ड होतंय."

चारशे हात वर गेले. म्हाताऱ्या सगुणाबाईंनी तर दोन्ही केले.

हरबा डेटा वाचवत राहिला. सभा अजून संपली कुठं होती?

सभा संपली. लोक घरी गेले. मैदानात उरल्या खुर्च्या. हा शेवट, असं म्हणून हरबाने साठवलेला सगळा डेटा खुर्च्यांना लावला.

तालुक्याच्या साहेबांनी रेकॉर्डिंग पाहिलं. आधी बराच वेळ करडे चौकोन. मग एकदम लख्ख खुर्च्या, पाठीवरचं मांडववाल्याचं नावसुद्धा वाचता येईल अशा. साहेबांनी शेरा मारला, 'सभेस कोणीही उपस्थित नव्हते. सबब विरोध नाही.'

महिन्याभरात गायरानावर पहिला सुरुंग उडाला. सगुणाबाई चार बायका घेऊन हरबाच्या दारात आल्या.

"हरबा, आमचे हात कुठं गेले रे?"

हरबाला प्रश्नच कळेना.

"काकू," तो म्हणाला, "तुमचे हात वाचवले, म्हणून तर खुर्च्या एवढ्या स्वच्छ आल्या."