ओसरीचा जुना कॉम्प्युटर

“पुसलंस?” याकूबचाचांनी विचारलं.

“पुसलं,” ऋजुता म्हणाली.

“सगळं?”

“सगळं, चाचा. फाइली काढल्या, रिसायकल बिन रिकामी केली, वर फॉरमॅट मारलं.”

चाचांनी मान डोलावली. ती होकाराची होती की नुसतीच, ते ऋजुताला कळलं नाही.

मिरजेच्या एका बोळात याकूब जमादारांचं दुरुस्तीचं दुकान होतं. पूर्वी रेडिओ, मग टीव्ही, आणि गेली पंचवीस वर्षं कॉम्प्युटर. गावातले डॉक्टर, वकील जुनं यंत्र मोडीत काढण्याआधी एकदा चाचांच्या टेबलावर आणून ठेवत. चाचांनी “कोरं झालं” म्हटलं की ते कोरं, मग कुणी पुन्हा विचारत नसे.

ऋजुता मगदूम त्यांच्याकडे तीन महिन्यांपासून शिकत होती. शिकत होती म्हणजे, तिच्या मते, हात बसवत होती. इंजिनिअरिंगची पदवी होती, पुण्याच्या कंपनीत दोन वर्षं झाली होती. आठवी नापास झालेल्या म्हाताऱ्या माणसाकडून काही नवीन कळेल, असं तिला मनातून वाटत नव्हतं.

त्या दिवशी टेबलावर होता तो ‘ओसरी’चा कॉम्प्युटर. घर सोडून निघालेल्या बायकांना आसरा देणारी ती संस्था. ती चालवणाऱ्या प्रमिलाताई आवटी आदल्या दिवशी स्वतः रिक्षातून यंत्र घेऊन आल्या होत्या. लागणारं सगळं नव्या कॉम्प्युटरवर घेतलंय, तिथं उघडून तपासलंय, हा पुसून झाला की विकून टाका, असं त्यांनी सांगितलं. आणि जाताना दारात थांबून म्हणाल्या होत्या, की यातल्या बायका आता कुठं आहेत हे शोधत फिरणारी माणसं आहेत.

चाचांनी एक पेन ड्राइव्ह लावला. फुकट मिळणारा साधा प्रोग्राम, कुणाच्याही हाती लागेल असा. त्यांनी तो सुरू केला आणि स्टूल सरकवून ऋजुताला पडद्यासमोर जागा दिली.

पंधरा मिनिटं काही नाही. मग एक ओळ आली. मग दहा. मग ओळींची रांगच लागली.

सगळ्या फाइली परत येत होत्या. नावांसकट.

ऋजुताने चाचांकडे पाहिलं. चाचांनी चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता.

गेले तीन महिने ती हे पाहत होती. कुणाचं काही पडद्यावर आलं, की चाचांचा चष्मा खिशात. वयाने डोळे थकत असतील, असं तिने धरून ठेवलं होतं. चष्म्याशिवाय त्यांना दुकानावरची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. पण त्या दोन गोष्टी तिने कधी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या.

“आलं का परत?” चाचांनी विचारलं.

“नुसती नावं असतील, चाचा. आत काही नसणार.”

आणि आपलं म्हणणं खरं करायला तिने एक फाइल उघडली.

आत सगळं होतं. एका बाईचं नाव. वय सव्वीस. बरोबर दोन वर्षांची मुलगी. डाव्या कानाला ऐकू येत नाही, आणि ते कशामुळे, तेही. खाली, सध्या कुठं ठेवलं आहे ते. गाव, गल्ली, कोणत्या बेकरीत कामाला जाते.

त्या गावाचं नाव इथे लिहायचं कारण नाही.



“चाचा… यात पत्ता आहे.”

“बंद कर.”

तिने फाइल बंद केली. चाचांनी त्यानंतर तिला बोल लावला नाही. लावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

शेवटी तिनेच विचारलं, “मग मी सकाळपासून काय पुसलं?”

“अनुक्रमणिका,” चाचा म्हणाले.

मग त्यांनी तिला सावकाश समजावलं. पुस्तकाचं पहिलं पान फाडलं म्हणून आतले धडे जात नाहीत. फाइल काढली, झटपट फॉरमॅट केलं, की यंत्र एवढंच म्हणतं, ही जागा आता मोकळी धरा. मजकूर जिथल्या तिथे राहतो, त्यावर दुसरं काही येऊन बसेपर्यंत.

“मग पुसायचं कसं?”

“लिहून.”

ऋजुताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“पुसायला लिहायचं?”

“हो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक कोपरा सोडायचा नाही.”

ही फिरत्या तबकडीची जुनी डिस्क होती, म्हणून एवढं पुरे होतं. नव्या चिपच्या डिस्कवर असं वरून लिहिलं तरी काही कोपरे सुटतात. तसल्या डिस्कला ती बनवणाऱ्या कंपनीने दिलेला पुसायचा आदेशच द्यावा लागतो. आणि जी डिस्क बंद पडली, काही ऐकतच नाही, ती फोडायची. हे चाचांनी असंच, बाजारातून भाजी काय आणायची ते सांगावं तसं सांगितलं. ऋजुताने वही काढली आणि पहिल्यांदा त्यांचं बोलणं उतरवून घेतलं.

चाचांनी तिला डिस्कचा क्रमांक दोनदा वाचायला लावला, चुकून शेजारच्या यंत्रावर हात पडू नये म्हणून. मग तिच्याच हाताने आदेश द्यायला लावला.

चार तास लागले. डिस्कच्या पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत शून्य, शून्य, शून्य. चाचा मधल्या वेळात एका शिलाई मशीनची मोटर बांधत बसले. ऋजुता मात्र उठली नाही. जेवायलाही नाही.

काम संपल्यावर तिने तोच प्रोग्राम पुन्हा चालवला. एक ओळ आली नाही. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. मधूनमधून पन्नास ठिकाणी डिस्कवर काय लिहिलंय ते पाहिलं. सगळीकडे शून्य.

“कोरं झालं, चाचा,” ती म्हणाली. सकाळच्यापेक्षा हळू.

तेवढ्यात दुकानात एक गृहस्थ आला.

पस्तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. ओसरी संस्थेचा जुना कॉम्प्युटर इथे आलाय असं कळलं, म्हणाला. घरी पोरांना शिकायला हवा आहे. रंगरंगोटी, दुरुस्ती काही नको. जसा आहे तसा द्या.

त्याचं त्या संस्थेशी काय नातं, खरंच पोरांसाठी हवा होता का, हे कळायला काही मार्ग नव्हता. ऋजुता चाचांकडे पाहत राहिली, की आता ते नाही म्हणतील.

चाचांनी झाकण लावलं, चार स्क्रू आवळले आणि यंत्र त्याच्यापुढे सरकवलं.

“चालू करून बघा,” ते म्हणाले.

त्याने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, की आत काहीच सापडत नाही. तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत होता.

गेलेलं परत काढून देणारे लोक कोल्हापुरात आहेत म्हणे, तो शेवटी म्हणाला.

“आहेत. चांगले आहेत. त्यांना जरूर दाखवा.” चाचांनी त्यांच्यातल्या एकाचा पत्तासुद्धा कागदावर लिहून दिला.

तो माणूस पैसे देऊन यंत्र उचलून निघाला. दारात थांबला. वळून ऋजुताला म्हणाला, “ताई, पुसलं तुम्हीच ना? पुसताना नजरेखालून काही गेलंच असेल.”



“आम्ही बघत नाही,” ऋजुता म्हणाली.

तो थोडा वेळ तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. तिने नजर हलू दिली नाही. मग तो पायरी उतरून गेला.

त्याची गाडी बोळाबाहेर पडली.

तुम्ही त्याला ते दिलंत कसं, असं तिने विचारलं. चाचा म्हणाले, नाही म्हटलं असतं तर आत काहीतरी आहे असं त्याला वाटलं असतं. आणि तू पुसलं होतंस ना? मी सकाळी म्हटलं तसं सगळं?

“हो.”

“मग झालं.”

आपल्या कामावर इतका भरवसा आजवर कुणी टाकला नव्हता. पुण्यात नाही, कॉलेजात नाही. पंचवीस वर्षांचं आपलं नाव चाचांनी न बोलता तिच्या चार तासांवर ठेवलं होतं.

पण एक गोष्ट आत टोचत होती.

“चाचा, मी त्याच्याशी खोटं बोलले. मी बघितलं होतं.”

चाचा मोटरीला तार गुंडाळत होते. एक वेढा… दुसरा…

“डिस्कवरचं गेलं. माझ्या डोक्यातलं कसं जाणार? तुमच्या इथे तर एवढ्या वर्षांत गावाचं काय काय येऊन गेलं असेल. तुम्ही काय करता त्याचं?”

तिसरा वेढा… चौथा…

“सांगा ना, चाचा. मला ते गाव दिसतंय सारखं. ती बेकरी. ती बाई…”

चाचांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, शांतपणे, जराही न हसता.

“कोण बाई?”