सगळ्या देवांना आवडणारी गोष्ट

"सगळ्या देवांना सारखीच आवडेल अशी एक गोष्ट सांग! नाहीतर हा विषाचा पेला पी!" राजा पोलिमेदोस समोर उभ्या सिमोस आचाऱ्यावर गरजला.

ग्रीसमधल्या मेलिथा नगरीचं आरमार वादळात बुडालं होतं. खलाशांनी आधीच बजावलं होतं, पण राजानं ऐकलं नव्हतं. आता कोणावर तरी खापर फोडायला हवं होतं. तेवढ्यात कळलं, की निघतानाच्या यज्ञात सिमोसनं देवांच्या आधी बोकडाचं काळीज चाखलं. झालं! देवद्रोही सापडला!

सिमोसला स्वतःचीच कीव आली. हा स्वतःच्या लग्नातही वधूची वाट न बघता जेवायला बसलेला माणूस! आता लोक विचारणार, बिचारा कशापायी गेला? तर काळजाच्या एवढ्याशा तुकड्यापायी.

"मध आवडत असेल देवांना," तो चाचरत म्हणाला.

"मूर्खा!" राजपुरोहित हसला. "झ्यूसला आवडतं ते हेराला खपत नाही. अथेनाची बाजू घेतली, की पोसायडन रुसतो. देवांचं कधी एकमत झालंय?"

"आमच्या घरी बरं आहे," सिमोस पुटपुटला. "मी गाढव आहे यावर सगळ्यांचं एकमत आहे."

"पेला आणा!" राजा ओरडला.

पेला पाहताच सिमोसला एकदम सुचलं. "महाराज, यज्ञातलं मांस कोण खातं?"

"आपण सगळे. रीतच आहे."

"आणि देवांना काय मिळतं?"

"हाडं, चरबी... आणि धूर."

"पणजोबांच्या काळापासून हीच वाटणी! मी अधाशी आहेच, महाराज, पण चांगला भाग तर सगळं गाव खातं. आपणही खाता! तरी आजवर एका देवानं तक्रार केली? एरवी ते कितीही भांडोत, एक गोष्ट सगळ्यांना आवडते. माणसाला माफ करणं! आता मला विष पाजलंत, तर एकाही देवाला न आवडणारं काम होईल. आणि पुढचं आरमार तर आपल्यालाच पाठवायचंय!"

राजानं पुरोहिताकडे पाहिलं. पुरोहित छताकडे पाहू लागला. मग राजा असा खदखदून हसला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ओता तो पेला मोरीत!" म्हणत त्यानं स्वतःचा सोन्याचा हार काढून सिमोसच्या डोक्यावरून घातला. हार खाऊन खाऊन सुटलेल्या हनुवटीशीच अडकला. शेवटी दोन शिपायांनी ओढून तो गळ्यात बसवला!