दिव्याखालचं आसन

“...मग मला नाम कधी देणार, बाबा?”

मोरेश्वरनं हे विचारलं तेव्हा भिवाबाबा खोकत होते.

खोकला थांबला. बाबांनी घोंगडी गळ्यापर्यंत ओढली आणि वर बघितलं.

“हा वारा कुठून येतोय रे?”

मोरेश्वर ओशाळला. वारा त्याच्याच छतातून येत होता.

घाटमाथ्यावरच्या भिवाबाबांच्या मठात बैठकीच्या खोलीवर पूर्वी नुसती कौलं होती. मोरेश्वर पुण्यात लोकांची घरं सजवून द्यायचा. मठात येऊ लागून त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याच्या मागून आलेल्यांना बाबांनी कानात नाम देऊन शिष्य केलं, त्याला मात्र दरवेळी “बघू” म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं कुणाला न विचारता कारागीर आणले. कौलांखाली पांढरंशुभ्र सपाट छत केलं, आणि त्यात गोल भोकं पाडून दिवे बसवले. मधला दिवा सगळ्यांत मोठा. येणारीजाणारी माणसं माना वर करून बघत राहिली.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी आपलं आसन भिंतीपासून उचललं आणि बरोबर त्या मोठ्या दिव्याखाली मांडलं.

मोरेश्वरला भरून आलं. बाबांना आपला दिवा आवडला! आता नामही मिळणार.

मग थंडी आली. कौलांच्या फटींतून शिरलेला वारा वरच्या पोकळीत घोंगावायचा आणि दिव्यांच्या कडेकडेनं खाली उतरायचा.

“छत घातलंस का चाळण?” मठाचा स्वयंपाक बघणारी गोदाक्का म्हणाली. “कौलं होती तेव्हाही वारा यायचा, पण असा टाळूवर नेम धरून नाही यायचा.”

“करतो बंद, आक्का.”

“कर लवकर. आणि बाबा, तुम्ही तरी सरका की भिंतीकडं.”

“इथं बरं आहे,” बाबा म्हणाले.

मोरेश्वर मठातच मुक्काम ठोकून कामाला लागला. थंडी अडवायला छतावर काचेची लोकर अंथरायची होती, पण दिवे तापतात, त्यांच्यावर ती सरळ टाकता येत नाही. म्हणून त्यानं कुंभाराकडून बसकी मडकी आणली. एकेक मडकं एकेका दिव्यावर पालथं घालायचं, काठ सिलिकॉनच्या चिकट लांबीनं बुजवायचा, आणि मग भोवती लोकर दाबून बसवायची.

पहाटे वारा जोरात असतो, फट चटकन सापडते. म्हणून तो पहाटेच बाहेरच्या शिडीनं छत आणि कौलांमधल्या माळ्यावर चढायचा. कौलं डोक्याला लागायची. गुडघ्यांवर रांगत, हातात पेटती उदबत्ती घेऊन तो धूर कुठं वळतो ते बघायचा.

सगळे दिवे झाले. राहिला मधला.

तो मडकं ठेवणार, तेवढ्यात खालून आवाज आला.

त्या वेळी बाबा खोलीत एकटे असत. दार आतून लावलेलं असे. आत ते काय करतात, ते मठात कुणालाच माहीत नव्हतं.

“ये रे...” बाबा म्हणत होते. “किती वाट बघायला लावशील? अजून दिसतंय मला. दिसतंय तोवर तरी ये...”

मोरेश्वरचा हात तिथंच थांबला.

चारचौघांत बोलणारे बाबा हे नव्हतेच. तिन्हीसांजेला अंगणाच्या फाटकाशी उभं राहून आईची वाट बघणाऱ्या पोराचा आवाज होता तो.

त्यानं मडकं अलगद बाजूला ठेवलं. उद्या बुजवू, असं मनाशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तो चढला. तिसऱ्या दिवशीही. छतावर पालथा पडून भोकाशी कान लावायचा, आणि आवाज थांबला की डोळे पुसून खाली उतरायचा.

“एवढं एकच राहिलंय,” तो गोदाक्काला सांगायचा. “सिलिकॉन संपलंय.”

बाबांचा खोकला वाढला.

एके दिवशी गोदाक्कानं काढा आणून दिला. पेला ओठापर्यंत नेईतो बाबांना खोकल्याची उबळ आली. काढा घोंगडीवर सांडला.

“सगळी खोली उबदार,” गोदाक्का पुसता पुसता म्हणाली, “आणि गार धार तेवढी यांच्याच डोक्यावर. काय म्हणावं या कारागिरीला!”

मोरेश्वरला राहवेना. ती आत गेल्यावर तो बाबांसमोर येऊन बसला.

“बाबा, सिलिकॉन संपलेलं नाही. ते भोक मी मुद्दाम उघडं ठेवलंय... पहाटे वर पडून तुमचं ऐकतो.”

बाबांनी वर दिव्याकडं बघितलं.

“तुम्हालासुद्धा... देव अजून भेटला नाही?”

“नाही.”

“इतक्या वर्षांत?”

“नाही रे.”

“मग मला काय देणार होता तुम्ही?”

हे त्याला वाटलं होतं त्याहून मोठ्यानं निघालं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

“हेच,” बाबा म्हणाले. “दुसरं काय आहे माझ्याकडं?”

...

मोरेश्वर खाली मान घालून बसला. म्हणाला, “आणि मी समजत होतो, माझा दिवा आवडला म्हणून तुम्ही इथं बसता.”

“दिवा? डोळ्यांत खुपतो रे तो.” बाबा हसले, हसता हसता खोकले. “कौलं होती तेव्हा हाक वर जायची. तू छत घातलंस. म्हटलं, त्यातल्या त्यात हे भोक मोठं आहे...”

“मग हे राहू दे उघडं! मी वारा दुसरीकडून अडवतो.”

“बुजव. थंडी वाजते.”

“पण तुमची हाक?”

“तू बुजव तर खरं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मोरेश्वर माळ्यावर चढला. उदबत्तीचा धूर भोकाशी वळत होता. खालून आवाज येत होता.

“ये रे...”

त्यानं शेवटचं ऐकून घेतलं. मडकं पालथं घातलं. काठावरून बोट फिरवत सिलिकॉन भरलं. भोवती लोकर दाबली.

धूर सरळ वर जाऊ लागला. आवाज बंद झाला.

त्यानं मडक्याला कान लावला. गार माती. पलीकडं काहीच नाही.

आता उतरायला हवं होतं. पाय निघेनात. आणि त्या अंधारात, लोकरीच्या धुळीत, त्याच्याच ओठांतून निघालं...

“ये रे.”

इतकं हळू की त्याचं त्यालाही नीट ऐकू आलं नाही. तो दचकला, आणि इकडंतिकडं बघत शिडीवरून खाली उतरला.

बाबांनी दार उघडलं होतं. मोरेश्वरच्या केसांत लोकर, कोपरांना माती.

“बुजवलंस?”

“हो.”

“नीट?”

“केसाएवढी फट ठेवली नाही, बाबा. आता वरचं खाली येणार नाही, खालचं वर जाणार नाही.”

बाबांनी खांद्यावरची घोंगडी काढली. तिची घडी केली, आपल्या आसनाशेजारी अंथरली आणि तिच्यावर हात थोपटला.

“ये, बस,” ते म्हणाले. “मला ऐकू आलं.”