दिवाणजींना अख्खं गाढव

कुरवलीच्या हैबतराव राजांची नाव नदीच्या मध्यावर जायची आणि उजवीकडे कलंडायची. दसऱ्याच्या सकाळपासून दोनदा हेच झालं. दोन्ही वेळा दरबाऱ्यांचे फेटे भिजले आणि नाव माघारी आली.

कारण कुणालाही दिसत होतं. राजे मधोमध बसत आणि नऊच्या नऊ दरबारी त्यांच्या उजव्या हाताला स्वतःला कोंबून घेत. उजवी बाजू मानाची! डावीकडे बसणं म्हणजे आपण मर्जीतून उतरलो, अशी स्वतःच दवंडी पिटणं.

"आम्ही जागेवरून हलणार नाही," राजे भिवा नावाड्यावर गरजले. "आमच्या डाव्या हाताला एकही माणूस बसणार नाही. आणि नाव कललेली चालणार नाही! पलीकडे सोनं लुटायचा मुहूर्त टळला, तर उद्यापासून हा घाट दुसऱ्या नावाड्याला."

भिवाने हात जोडले. घाट गेला तर खायचं काय? त्याची मुलगी साळू मात्र वल्ह्यावर हनुवटी टेकून दरबाऱ्यांकडे बघत होती. खरं सांगायचं तर ती त्यांची वजनं करत होती. रोज माणसं आणि जनावरं एकाच नावेत भरणाऱ्या पोरीला तेवढा अंदाज असतोच.

"डाव्या अंगाला मानूस नको, येवढंच ना म्हाराज?" तिने विचारलं.

"एवढंच."

साळू पलीकडच्या बाजाराला जायला घाटावर खोळंबलेल्या कुंभाराकडे वळली. "सखाकाका, तुमची गाढवं आना हिकडं."

पाच गाढवं निमूटपणे नावेत चढली आणि राजांच्या डावीकडे उभी राहिली. साळू हिशेब सांगू लागली, "दिवाणजी भरदार हायेत, त्यांच्या जोडीला एक अख्खं गाढव. बाकीच्यांना दोघांत एक."

"दोघांत एक?" सरदार मानाजीराव ताडकन उठले. "दिवाणांना अख्खं आणि आम्हाला अर्धं? आम्हालाही अख्खंच पाहिजे!"

"मग आम्हाला दीड," दिवाण नरसोपंतांनी ठणकावलं.

"सरदार, तुम्हाला अख्खं दिलं तर नाव डावीकडं बुडंल," साळू म्हणाली. "थोडं अंग धरा, मग देते."

राजांनी शेल्याचं टोक तोंडात कोंबलं. भिवाने नाव सोडली. नदीचा मध्य आला, गेला, नाव रेसभरही कलली नाही. गाढवं शांत होती, दरबारीच चुळबुळत होते.

नरसोपंतांना अपमान काही गिळवेना. ते खोचकपणे म्हणाले, "पोरी, आम्हा सगळ्यांना गाढवं वाटलीस. मग महाराजांच्या जोडीला किती गाढवं?"

भिवाच्या हातातलं वल्हं थांबलं. राजांनी तोंडातला शेला काढला.

"एकबी न्हाई," साळू म्हणाली. "जोड लागते एका अंगाला सरकलेल्यांना. म्हाराज मधोमध बसल्यात."

राजे असे खदखदून हसले की पाचही गाढवांनी कान टवकारले. "हा घाट तुझ्या घराण्याचा, कायमचा! आणखी काय हवं ते माग."

"येताना चार-पाच दरबारी डावीकडं बसवा, म्हाराज," साळू म्हणाली. "सखाकाकांच्या गाढवांना बाजार गाठायचाय."