मठाच्या घंटेची दोरी

“मग चूक कुणाची, बुवा? माझी?”

श्रीहर्ष उपासनीनं हा प्रश्न आल्यापासून पुन्हा पुन्हा विचारला होता. त्याला उत्तर नको होतं. ‘तुझी नाही रे बाबा’ एवढंच ऐकायचं होतं, आणि तेवढंच बुवा म्हणत नव्हते.

धोंडगीर बुवा ओसरीवर शेंगा सोलत होते. नदीकाठचा हा मठ लहानसाच. श्रीहर्षचे वडील हयात असताना दरवर्षी इथं येऊन राहायचे. त्यांच्यामागे तो आज पहिल्यांदा आला होता, आणि तोही भांडायला आल्यासारखा.

“मी काय करतो, ठाऊक आहे ना तुम्हाला? साध्या माणसांच्या घरातले कॉम्प्युटर सांभाळतो. चोरानं आत शिरू नये म्हणून प्रोग्राम लिहितो. लोक मला भाषणाला बोलावतात. आणि माझ्याच आईनं...”

तो उठला, अंगणात फेऱ्या मारल्या, परत येऊन बसला.

“स्क्रीनवर लाल पाटी आली. कॉम्प्युटर बिघडलाय, या नंबरवर फोन करा. हिनं केला! पलीकडचा गोड बोलत होता. तो सांगेल ती बटणं दाबत गेली. मी लावलेलं सगळं संरक्षण हिनं स्वतःच्या हातानं बंद केलं, बुवा. बाबांचे सगळे फोटो त्यानं कुलूपबंद करून टाकले. आता ते कुणालाच उघडता येत नाहीत. मलासुद्धा.”

बुवांचे हात थांबले. “सगळे?”

“सगळे. आणि मला हे कळलं कधी? आठवड्यानं! म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणते, तू कामात असतोस.”

“आता काय करते?”

“कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवलाय. हात लावत नाही. माझ्याशी बोलत नाही. जेवलास का, एवढंच विचारते.” त्याला एकदम रडू फुटेल असं वाटलं, म्हणून तो चिडला. “मला असं काहीतरी बनवायचंय की माणसाला कुणाला काही विचारावंच लागणार नाही!”

तेवढ्यात दारावरची घंटा घणघणली.

बुवा मांडीवरच्या शेंगा बाजूला ठेवून उठले. गुडघे धरत, कण्हत दारापर्यंत गेले, दार उघडलं. बाहेर एक बकरी घंटेची दोरी चघळत उभी होती. बुवांनी तिला चुचकारलं, दार लोटलं, परत आले.

जरा वेळानं पुन्हा घंटा. पुन्हा बकरी. पुन्हा बुवा उठले.

श्रीहर्षला ते बघवेना. “बुवा, बकरीच असते ना?”

“बहुतेक वेळा.”

“मग दर वेळी कशाला उठता?”

“घंटा वाजते म्हणून.”

“अहो, आमच्या कामात असली उगाचची घंटा आम्ही आधी बंद करतो. नाहीतर माणूस वेडा होईल.”

“असं?” बुवा म्हणाले, आणि देवाची वेळ झाली म्हणून आत गेले.

आता हुशार माणसाला मोकळा वेळ आणि स्टूल मिळालं की तो गप्प बसतोय होय? श्रीहर्षनं दाराबाहेर स्टूल नेलं, त्यावर चढून लोंबणारी दोरी गुंडाळली आणि वर कडीला घट्ट बांधून टाकली. बकरीनं मान उंच करून पाहिलं, निघून गेली. तो आत येऊन बसला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं.

पूजा आटपून बुवा बाहेर आले. बसले, पण शेंगांना हात लावला नाही.

“मघापासून घंटा नाही वाजली...”

“दोरी वर बांधली मी. आता बकऱ्यांचा त्रास नाही तुम्हाला.”

बुवा तसेच अनवाणी दाराकडे धावले. एवढा म्हातारा माणूस धावू शकतो, हे श्रीहर्षला माहीत नव्हतं.

पायरीवर भागाआजी बसली होती. गावातली, एकटीच राहणारी. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, हात छातीवर.

“सकाळधरनं कसंसंच हुतंय, बुवा...”

“अगं मग हाक नाही का मारायचीस?”

“दोरी वर बांधल्याली बघितली.” आजी धापा टाकत म्हणाली. “म्हटलं, आमच्या येण्याचा कटाळा आला असंल बुवांस्नी. जरा बसावं. बरं वाटलं की जावं घरला.”

श्रीहर्षनं गाडीची किल्ली काढली.

त्यानं तिला उचलून गाडीत घातलं. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता संपता संपेना. बुवा मागच्या सीटवर तिचा हात धरून बसले होते, आणि आजी अधूनमधून आपली म्हणत होती, “उगं तरास दिला तुमाला...”

डॉक्टरांनी तिला आत घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आले. “वाचेल. पण इतका उशीर का केलात? आधी का नाही सांगितलं तिनं?”

हेच शब्द श्रीहर्षनं घरी वापरले होते, याहून चढ्या आवाजात.

आजीची भाची तिच्यापाशी येऊन बसली, तेव्हा दोघं मठात परतले. दिवस कलला होता. वाटेत बुवांनी रागवावं, चार शिव्या घालाव्यात, असं त्याला वाटत होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

गाडीतून उतरल्याबरोबर त्यानं स्टूल ओढलं आणि वर चढला. गाठ त्यानंच मारलेली, नीट आणि पक्की. सुटता सुटेना. नखं दुखायला लागली, डोळ्यांत पाणी आलं, तरी तो झटत राहिला. बुवा खाली स्टूल धरून उभे होते.

शेवटी गाठ सुटली.

“बकऱ्या पुन्हा ओढतील, बुवा.”

“ओढू देत.”

“किती खाली सोडू?”

बुवांनी लोंबणारं टोक हातात धरून पाहिलं.

“तुझ्या आईचा हात पोचेल इतकी.”