कोष्टी आळीतली आरपार घरं

तिरवंडी शहराच्या नकाशात कोष्टी आळी एका उंच भिंतीपाशी संपते. रस्त्यांची मोजणी करायला येणारी मंडळी तिथंच थांबतात. आळीतली माणसं मात्र कुठल्याही घरात शिरतात, ओसरी, माजघर, परसू ओलांडतात आणि पलीकडच्या रस्त्याला लागतात. घरच्यांना विचारतसुद्धा नाहीत. पाहुण्यांना याचं नवल वाटलं, की आळीतले वयोवृद्ध विणकर मारुतराव दिवटे त्यांना सगुणा कोष्टिणीची हकिकत सांगतात.

तिरवंडी तेव्हा वेशीच्या आत होती. कुठल्याही बोळात शिरावं आणि दुसरीकडे निघावं, असं गाव होतं म्हणे. पुढं वस्ती मावेना, तेव्हा माणकोजी शेट्यांनी वेशीबाहेरच्या आपल्या माळावर नवी पेठ वसवायचं काढलं. कोष्टी यायला राजी नव्हते. उभ्या सुताचा ताणा पसरायला त्यांना लांब आळी हवी, सूत धुवायला नदी हवी. मग शेटे सगुणेकडे गेले. ती त्यांना भाऊ मानायची, दर भाऊबीजेला ओवाळायची.

"ताई, आळी सरळ नदीपर्यंत नेतो," शेटे म्हणाले. "मधे काही येणार नाही. भावाचा शब्द समज."

सगुणा घरोघर फिरली. तिच्या भरवशावर चाळीस कुटुंबांनी जुनी घरं मोडली आणि माळावर बांधली.

तिसऱ्या वर्षी शेट्यांना नदीकाठी बाग हवीशी झाली. आळीच्या टोकाला भिंत उभी राहिली आणि नदीवर जायला अर्ध्या कोसाचा वळसा पडू लागला. सगुणा जाब विचारायला गेली, तेव्हा शेटे झोपाळ्यावर बसले होते.

"थोडं चालावं लागेल, ताई. त्यात काय एवढं?"

ती परतली. भिंतीपेक्षाही, आता आळीत कुठल्या तोंडानं जायचं, याचंच तिला ओझं झालं होतं.

पुढच्याच चैत्रात, भर दुपारी, आळीला आग लागली. नदी भिंतीपलीकडं, खळखळ ऐकू येईल इतकी जवळ होती. वळसा घालून हंडे येईपर्यंत सात घरं जळून गेली, आणि सगुणेची थोरली जाऊ भीमाई आत अडकून दगावली. शेट्यांचं नाव कुणी काढलं नाही. भीमाईचा कर्ता मुलगा सगुणेपुढं येऊन एवढंच म्हणाला, "काकू, आम्ही तुमच्या शब्दावर आलो होतो."

तेरावं उरकलं आणि सगुणेनं पहार घेतली. मागच्या भिंतीला लागून तिचा माग होता, तो तिनं ओसरीवर काढला आणि भिंत फोडली. पाठीमागं तांबट आळी होती. तिथून नदीची वाट जायची.

"माझ्या घरातून जा," तिनं सगळ्यांना सांगितलं. "विचारत बसू नका."

पुढं जन्मभर ती ओसरीवरच, पावसाची झड खात विणत राहिली, असं सांगतात. तिचं पाहून एकेकानं मागच्या भिंतीत दार पाडलं.

त्या वर्षी भाऊबीजेला शेटे रीतीप्रमाणं आले. दार उघडंच होतं. सगुणा मागावर होती; तिनं मान वर केली नाही. शेटे इतर वाटसरूंसारखे घरातून चालत मागच्या दारानं निघून गेले.

आजही आळीत दिवसा कुणी कडी लावत नाही. शहर आता चारी बाजूंनी पसरलंय, एकच फाटक असलेल्या बंदिस्त वसाहती उठल्यात. रस्ता पुढं जोडून देतो, असं बांधणारे प्रत्येक वेळी सांगतात. आळीतली माणसं ते शांतपणे ऐकून घेतात आणि घर बांधताना मागच्या दाराची चौकट आधी उभी करतात.